जुन्या रिळावरचे पुट

धातूची जुनी वस्तू उजळावी की आहे तशीच राहू द्यावी, हा प्रश्न आपल्या घरांतून सहसा प्रश्न म्हणून विचारला जात नाही. दिवाळी आठ दिवसांवर आली की माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात, चिंच भिजत पडते, मीठ आणि राख हाताशी येते, आणि तिन्हीसांजेपर्यंत काळवंडलेला हंडा लालबुंद होऊन अंगणात पालथा पडलेला असतो. या हंड्यावर वर्षभरात जे साचले ते काय होते, आणि ते खरवडून काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असे त्या वेळी कोणी विचारलेच तर घरातील वडीलधाऱ्या बायका त्याला वेड्यात काढतील; आणि ते योग्यच होईल.

मात्र त्याच घरातील एखाद्या पत्र्याच्या पेटीतून गळाच्या काठीचे जुने पितळी रीळ निघाले, हिरवट-काळे पडलेले, मूठ जाम झालेली, की हाच प्रश्न एकाएकी अवघड होऊन बसतो. एक जण म्हणतो, चिंच लावा. दुसरा म्हणतो, हात लावू नका. दोघांनाही आपले म्हणणे मनापासून खरे वाटत असते आणि दोघांनाही ते नीट पटवून देता येत नाही. असा एक वाद आम्ही जवळून पाहिला. त्याची हकीकत पुढे येईलच. पण त्याआधी या वादात नेमके काय पणाला लागलेले असते याचा थोडा शोध घ्यावा, असे आम्हांस वाटते.

संस्थानी चाकरीच्या निमित्ताने इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे स्थिरावलेल्या घराण्यांत अशी वस्तू कशी आली, हे या अंकाच्या वाचकांना सांगावयास नको. टेनिसच्या रॅकेटा, घडीचे कॅमेरे, चामड्याच्या पेटीतली दुर्बीण आणि गळाची काठी या साऱ्या वस्तू साहेबाच्या सहवासाबरोबर दिवाणखान्यात आल्या. महसीर हा आपल्या नद्यांतला मोठा, लढाऊ मासा. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीराचे शास्त्रीय वर्णन साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १८७३ मध्ये हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. त्या शौकाची हत्यारे इंग्लंडातून येत. काठ्या वाळवीने खाल्ल्या, रेशमी दोरे कुजले. उरली ती रिळे, कारण ती धातूची होती.

धातू उरतो म्हणजे काय होतो, हे आधी पाहिले पाहिजे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. उघड्या हवेत त्यावर आधी मंद पिवळट, मग तपकिरी, मग जवळजवळ काळे असे पातळ पुट चढते. हे पुट बाहेरून येऊन बसलेली घाण नव्हे; पितळेचाच वरचा थर हवेशी संयोग पावून तसा झालेला असतो, आणि एकदा तो घट्ट बसला की खालच्या धातूचे तो पुष्कळ अंशी रक्षण करतो. याहून अगदी निराळा असा दुसरा प्रकार आहे. फिकट हिरव्या रंगाची, भुसभुशीत, नखाने उकरली तर उडणारी भुकटी कुठे कुठे दिसते. तिथे मीठ पोचलेले असते. मिठातला क्लोराइड तांब्याशी संयोग पावतो, दमट हवा मिळाली की त्या संयुगाचे रूपांतर होते, आणि त्या रूपांतरात जे द्रव्य मोकळे होते ते पुन्हा पुढच्या तांब्याला धरते. वस्तूसंग्रहालयांत काम करणारी मंडळी याला रोगच म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. कारण हे चक्र आपणहून थांबत नाही. पणजीच्या किंवा मालवणच्या घरात ते वेगाने फिरते, माळव्याच्या कोरड्या हवेत सावकाश. काळे पुट आणि हिरवी भुकटी यांना आपण सरसकट ‘गंज’ म्हणतो, आणि निम्मा घोटाळा या एका शब्दाने होतो. आपल्या जुन्या बायकांच्या भाषेत हा फरक होता. भांडे ‘काळे पडले’ असे त्या म्हणत, आणि त्यातले ताक ‘कळकले’ असे म्हणत. पहिले दिसण्यापुरते आणि दुसरे पोटात जाणारे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पुढच्या काळातील रिळे बहुशः अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. त्यांच्यावर पांढरी भुकटी येते आणि पृष्ठभागाला बारीक खड्डे पडतात. विशेषतः जिथे पितळेचा स्क्रू किंवा बैठक त्या धातूला टेकलेली असते आणि मधल्या फटीत खारे पाणी राहिलेले असते तिथे. दोन धातू आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी, म्हणजे ती एक लहानशी बॅटरीच झाली. आणि त्या व्यवहारात झीज सोसावी लागते ती अ‍ॅल्युमिनियमला.

आता आम्हांला सर्वांत रोचक वाटलेली गोष्ट. इंग्लंडच्या उत्तरेस अ‍ॅनिक या गावी हार्डी बंधूंचा कारखाना १८७२ मध्ये सुरू झाला. त्यांचे ‘परफेक्ट’ नावाचे रीळ १८९१ मध्ये बाजारात आले आणि जगभर नावाजले गेले. या कारखान्याची, आणि त्या काळच्या इतरही अनेक कारागिरांची रिळे दुकानातून बाहेर पडत ती झळझळीत पिवळी नसत. त्यांना मुद्दाम काळसर, शिशाच्या रंगाचा किंवा कांशासारखा मंद हात दिलेला असे. कारण साधे होते. उन्हात चमकणारे पितळ पाण्यातल्या माशाला दिसते, आणि मासा बुजतो. म्हणजे आज जो मनुष्य चिंच आणि ब्रश घेऊन असे रीळ सोन्यासारखे करतो आणि ‘मूळ रूपात आणले’ असे समाधानाने सांगतो, तो त्याला अशा रूपात नेऊन ठेवतो की जे रूप त्याच्या कर्त्याने त्याला कधी दिलेच नव्हते. यालाही एक अपवाद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्डीची काही रिळे वरचा काळा हात न देताच, उघड्या धातूची म्हणून विकली गेली. संग्राहक त्यांना त्या काळच्या लढाऊ विमानावरून ‘स्पिटफायर’ म्हणतात. तेव्हा उजळ रीळ म्हणजे खोटे आणि काळे रीळ म्हणजे खरे, असाही सोपा नियम करता येत नाही. प्रत्येक वस्तूला तिचा पूर्ववृत्तांत विचारावा लागतो.

‘मूळ रूप’ या शब्दापाशी युरोपातील विचारवंतही फार झगडले आहेत. रस्किन यांनी १८४९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात इमारतींच्या जीर्णोद्धाराला सरळ सरळ असत्य ठरवले. मेलेल्याला उठवता येत नाही तसे गेलेल्या कारागिराचे काम परत आणता येत नाही, असा त्यांचा रोख होता. त्याच सुमारास फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक नेमके उलट टोक गाठत होते. वास्तू पूर्वी कोणत्याही एका क्षणी नसेल इतक्या पूर्ण अवस्थेत नेणे म्हणजे जीर्णोद्धार, असे त्यांनी निःसंकोच लिहून ठेवले, आणि तसे करूनही दाखवले. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा मध्ययुगीन शिखरमनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवला गेला होता. त्या जागी या गृहस्थांनी आपल्या कल्पनेचा नवा, अधिक उंच मनोरा १८५९ मध्ये उभा केला. रस्किनपंथीयांच्या दृष्टीने ती शुद्ध लबाडी होती. पुढे १५ एप्रिल २०१९ रोजी तो मनोरा आगीत कोसळताना साऱ्या जगाने पाहिला, लोक रस्त्यावर उभे राहून रडले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले तेव्हा त्यावर पुन्हा बांधलेला मनोरा होता तो याच व्हियोले-ल-द्यूक यांच्या आराखड्याचा. एकशे साठ वर्षांत लबाडीच मूळ होऊन बसली होती. आम्हांस हे उदाहरण फार अस्वस्थ करते. काळ केवळ वस्तूवरच पुट चढवतो असे नाही, आपण केलेल्या दुरुस्तीवरही चढवतो, आणि मग नातवाला दोन्ही सारखीच पूज्य वाटू लागतात.

थीसियसच्या जहाजाचा दाखला वाचकांच्या मनात एव्हाना आला असेल. फळी फळी बदललेले जहाज तेच की दुसरे? नागसेनाने राजा मिलिंदाला रथाचे जे उदाहरण दिले ते आपल्याला अधिक जवळचे आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि ही सारी वगळून उरणाराही कोणी रथ नव्हे. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ही दोन्ही उदाहरणे खोल असतील. आमच्या प्रश्नाला मात्र ती फारशी उपयोगी पडत नाहीत. त्यांत भाग बदलण्याचा प्रश्न आहे. इथे भाग तेच राहतात आणि केवळ कातडी सोलली जाते. रीळ तेच आहे याविषयी कोणालाच शंका नसते. शंका असते ती त्यावर जे लिहिले गेले होते ते आपण पुसले की काय, याची.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर एक नाही, अनेक आहेत. अग्निपुराणात जीर्णोद्धारावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यातला निर्णय आजच्या संग्राहकाला धक्का देणारा आहे. जीर्ण झालेली लाकडी मूर्ती अग्नीला द्यावी, दगडाची पाण्यात सोडावी आणि तिच्या जागी नवी स्थापावी. तिथे वस्तू जपण्याचा आग्रह नाही. आग्रह आहे तो पूजा खंडित न होण्याचा. अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास काशीस विश्वेश्वराचे मंदिर उभारले तेव्हा ते पाडलेल्या मंदिरासारखे हुबेहूब दिसावे असा प्रयत्न कोणी केला नाही. ते त्या काळचे, त्या काळच्या कारागिरांचे मंदिर होते आणि तसेच दिसत होते. याउलट कोल्हापुरास महालक्ष्मीच्या मूर्तीची झीज थांबवण्यासाठी २०१५ मध्ये रासायनिक संवर्धन करण्यात आले, तेव्हा झालेला वाद वाचकांच्या स्मरणात असेल. तिथे मूर्ती बदलण्याचा विचारही अनेकांना असह्य होता आणि तिला द्रव्ये लावण्याचाही. एकाच श्रद्धेच्या पोटात ‘नवी करा’ आणि ‘हात लावू नका’ हे दोन्ही उद्गार राहतात.

आणि घरच्या देव्हाऱ्यात तिसरेच चालते. पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून खंडोबाच्या टाकावरचे नाकडोळे नाहीसे झालेले असतात. घोडा कुठे आणि भाला कुठे हे सासूने सांगितल्याशिवाय सुनेला कळत नाही. संग्रहालयाच्या दृष्टीने ही नासधूस आहे. पण त्या टाकावर जे घडले ते अज्ञानाने घडले असे आम्ही म्हणणार नाही. देवाला रोज आंघोळ घालणे हाच त्या वस्तूशी असलेला संबंध होता, आणि झिजलेला चेहरा ही त्या संबंधाची नोंद आहे. तिथे घासणे म्हणजे इतिहास पुसणे नव्हते; घासणे हाच इतिहास होता.

कल्हईचे उदाहरणही इथे घेण्यासारखे आहे. पूर्वी गल्लीत कल्हईवाला येई, भाता मांडी, पातेले तापवून त्यात नवसागर टाकी, आणि पांढऱ्या धुराच्या लोटात कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने सारे पातेले रुपेरी करून देई. यात जुने पुट पूर्ण नाहीसे होई; पण कोणालाही त्यात इतिहासाचा अपमान दिसला नाही, कारण त्या पातेल्यात उद्या आमटी शिजायची होती. वापरातल्या वस्तूचा पहिला हक्क वापराला असतो, असे आम्ही मानतो. त्यामुळे जो मनुष्य ते रीळ खरोखर काठीला लावून नदीवर जाणार आहे, त्याने आतले दाते साफ करावेत, तुटकी कमान बदलावी, अडकलेली मूठ सोडवावी. त्याला कोणी बोल लावू नये. गंमत अशी की, अशा रिळाचे अंतरंग पुष्कळदा बाहेरच्यापेक्षा चांगल्या स्थितीत सापडते, कारण आत वंगण घातलेले असते. खराब होते ते बाह्यांग. आणि आजची सारी उठाठेव असते ती बहुतेक त्या बाह्यांगापुरतीच. ज्याला रिळाने मासा धरायचा नाही त्यालाच ते चमकावेसे वाटते, आणि ज्याला धरायचा आहे त्याला चमक अडचणीची होते.

मग न वापरणाऱ्याने काय करावे? इथे आमचे मत थोडे कठोर आहे. हिरवी भुकटी तशीच राहू देणे म्हणजे आदर नव्हे, ती हेळसांड आहे. ती काढलीच पाहिजे, कारण ती जे खाते ते परत येत नाही. काळे पुट मात्र सबळ कारणाशिवाय काढू नये, कारण तेही परत येत नाही. नवे येईल, पण ते त्या वर्षांचे नसेल. रिळाच्या कडेवर अंगठ्याने वेग आवरून आवरून जो उजळ पट्टा पडलेला असतो, तो आजूबाजूच्या काळेपणामुळेच वाचता येतो. सारेच उजळले की एका मनुष्याच्या तीस वर्षांच्या सवयीचा एकमेव पुरावा नाहीसा होतो, आणि तो नाहीसा झाला हेसुद्धा कोणाला कळत नाही. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या रिळाची कोरीव अक्षरेही प्रत्येक वेळी थोडी उथळ होतात. विक्रेत्याचे नाव, मालकाची आद्याक्षरे सर्वांत आधी जातात. १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेत वास्तूंविषयी जे तत्त्व मान्य झाले, की जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे, ते तळहातावर मावणाऱ्या वस्तूलाही लागू पडते.

चांगल्या हेतूने केलेला उपचार कसा उलटतो याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. इंग्रज फौजेच्या पितळी काडतुसांना इथल्या पावसाळ्यात चिरा पडत. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत, आणि काडतुसे कोरडी राहावीत म्हणून ती तबेल्यांत ठेवली जात. ऋतूचा दोष म्हणून त्या चिरांना इंग्रजीत ऋतूवरूनच नाव पडले. खरा दोष तबेल्यातल्या अमोनियाचा होता. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा तो वायू ताणात असलेल्या पितळेला फोडतो, हे १९२१ मध्ये सिद्ध झाले. बाजारात मिळणाऱ्या काही धातू-पॉलिशांतही अमोनिया असतो. आणि आपली चिंच-मिठाची जोडी? आम्ल पुट विरघळवते हे खरे, पण पितळ त्यात फार वेळ राहिले तर वरच्या थरातले जस्त निघून जाऊन पितळ गुलाबी पडते. आणि मीठ नीट धुतले गेले नाही तर तोच क्लोराइड मागे राहतो, ज्यापासून रोग सुरू होतो. रोज घासल्या जाणाऱ्या हंड्याला हे चालून जाते, कारण उद्या पुन्हा कोणीतरी त्याला हात लावणार असते. एकदाच उजळून पुढची चाळीस वर्षे पेटीत पडणाऱ्या रिळाला ते चालत नाही. हस्तिदंती किंवा शिंगाची मूठ असेल तर ती आम्लात बुडवूच नये; आणि अ‍ॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नये, तो धातूच खातो. इतके सांगून हा पाकशास्त्राचा भाग आम्ही आटोपता घेतो.

विक्रीचा प्रश्न निराळा आणि नीतीच्या दृष्टीने अधिक सोपा आहे. उजळलेले रीळ ‘उजळलेले’ म्हणून विकावे. काळा हात नव्याने दिला असेल तर तसे सांगावे. न सांगणे ही फसवणूक. पण सांगून केलेला बदलही निर्दोष असतोच असे नाही, हे विसरले जाते. घेणाऱ्याची फसवणूक टळते. ज्याने ते झिजवले त्याचे काय, आणि ज्याच्या हातात ते आणखी शंभर वर्षांनी जाईल त्याचे काय? हे दोघेही सौद्याच्या वेळी हजर नसतात. मृतांना आणि न जन्मलेल्यांना बाजू मांडता येत नाही, तेव्हा त्यांचा वकील कोणी व्हायचे, इथे हा प्रश्न खरा नैतिक होतो.

आम्ही हे सारे लिहीत असताना मनात सारखी आपली भाषा येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आपल्या घरी येतात आणि आपली मराठी ऐकून हसतात. कोणाच्या बोलण्यात हिंदीची क्रियापदे, कोणाच्या गुजरातीचे हेल, कोणाच्या कानडीची वळणे, आणि त्याच बोलण्यात दोनशे वर्षांपूर्वी बरोबर आणलेला एखादा शब्द, जो तिकडे केव्हाच लुप्त झाला. मग मुलांची मराठी ‘स्वच्छ’ करण्याचे वर्ग निघतात. त्यांतला काही भाग आवश्यक आहे. भाषा आतून पोखरणारी भुकटीही असते, मुलाला वाक्यच पुरे करता येत नाही अशी. पण सारेच घासून काढले तर जे झळकेल ते कोणत्या गावचे असेल? निदान इंदूरचे किंवा बडोद्याचे ते नसेल.

आणखी एका ठिकाणी हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो, तो म्हणजे ज्या माशासाठी ही रिळे होती त्या माशाच्या बाबतीत. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये महसीराला राज्याचा मासा म्हणून जाहीर केले. तो वाहत्या पाण्याचा मासा. आणि नर्मदेचा इंदिरासागर २००४ मध्ये व ओंकारेश्वर २००७ मध्ये वीज देऊ लागले तेव्हा त्या पट्ट्यातले वाहते पाणी बऱ्याच अंशी साठवलेले पाणी झाले. तिकडे लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने गेल्या शतकाच्या सत्तरीपासून महसीराची पैदास करून लक्षावधी पिल्ले देशभरातल्या पाण्यांत सोडली. हेतू जीर्णोद्धाराचाच होता. पण तिथले निळ्या परांचे महसीर कावेरीत सोडले गेले आणि तिथे पसरले. कावेरीचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर मात्र मागे हटत गेला, आणि २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजाती म्हणून झाली. नदी महसीरांनी भरली आणि त्या नदीचा महसीर जवळजवळ संपला. बाहेरून पाहणाऱ्याला नदी उजळ दिसते.

आता ती हकीकत. इंदुरातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी आप्पांच्या पेटीतून असे रीळ निघाले. आप्पा होळकरांच्या चाकरीत होते आणि सुट्टीत खेडीघाटाला तंबू टाकून राहत. नातवंडांतला थोरला पुण्यास स्थायिक. त्याला ते लखलखीत करून दिवाणखान्यात मांडायचे होते. धाकटा घर सांभाळून आहे. त्याने पेटीचे झाकण धरून ठेवले होते म्हटले तरी चालेल.

“दादा, ते घासलंस तर आप्पांचं त्यात काय उरेल?”

“आणि नाही घासलं तर दहा वर्षांनी रीळच उरणार नाही, त्याचं काय?”

दोघांचेही खरे होते, आणि आम्ही मध्यस्थ म्हणून बसलो असूनही आम्हांला तोड सुचत नव्हती. तोड निघाली ती आत्याबाईंकडून. त्या नव्वदीच्या घरात आहेत. रीळ हातात घेऊन त्यांनी अंगठ्याने कड चाचपली आणि म्हणाल्या, “आप्पा घाटावरून आले की आधी हे पुसायचे. तेलाचं बोट फिरवायचे, मग पेटीत. काळं होतं हो हे तेव्हाही. हिरवं कधी नव्हतं.”

त्यानंतर वाद मिटला असे नाही, पण काम ठरले. हिरवी भुकटी बांबूच्या टोकदार काडीने उकरून काढली गेली. लोखंडी अवजार कोणालाही लावू दिले नाही. रीळ शुद्ध केलेल्या पाण्यात ठेवून ते पाणी कित्येक दिवस बदलत राहिले, मग उन्हात न ठेवता मंद उष्णतेवर पूर्ण सुकवले आणि मेणाचा पातळ हात दिला. डाव्या तबकडीचा एक लोखंडी स्क्रू गंजून बसला होता. तो काढताना तुटला, त्या जागी नवा पितळी घातला. भुकटीखाली तीन लहान खड्डे निघाले. ते भरायचे की नाही यावर आणखी एक संध्याकाळ गेली आणि ते तसेच राहिले. रीळ अजूनही काळे आहे. येणारे-जाणारे विचारतात, हे स्वच्छ का करत नाही.

पेटीत रिळाखाली एक कागद ठेवला आहे. त्यावर धाकट्याने तारीख घालून लिहिले आहे की, स्क्रू एक नवा, हिरवे काढले, काळे ठेवले, मूठ मूळची, आणि कडेचा उजळ पट्टा आप्पांच्या अंगठ्याचा असे आत्याचे सांगणे. त्याखाली थोरल्याने आपल्या अक्षरात एक ओळ घातली आहे: आपल्या मते हे उजळायला हवे होते.